रंगुबाईंचं नवं जितराब

रंगुबाई आमच्या शेजारी राहायला आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर एक घोंगडं, एक पितळी तांब्या आणि बारदानाची, हातानं शिवलेली एक पिशवी एवढंच सामान होतं. घोंगडं आणि तांब्या घरात गेले. पिशवी दारामागच्या खुंटीला लागली ती तशीच राहिली. तिच्यात दोन लुगडी, चुन्याची डबी आणि आटपाडीच्या घराची किल्ली होती. ती कधी रिकामी झाली नाही, कारण रंगुबाई केव्हाही निघणार होत्या. दर चार-दोन दिवसांनी मला अंगणातूनच सांगायच्या, "जाते आता गावाकडं, वैनी. लय झालं ऱ्हाणं."

त्यांचा मुलगा बिरदेव कराडच्या एसटी आगारात मेकॅनिक. सून सोनिया पतसंस्थेत नोकरीला. कराडशेजारच्या मलकापुरात आमच्या कॉलनीत सगळी एकसारखी बैठी घरं, मागं प्रत्येकाला पदराएवढं अंगण. बिरदेवनं हौसेनं घर घेतलं आणि आईला घेऊन आला, त्याला कारणही तसंच होतं. आदल्या हिवाळ्यात रंगुबाई आटपाडीच्या घरात पाय घसरून पडल्या आणि शेजारीण ताक मागायला येईपर्यंत तशाच पडून राहिल्या. तेव्हापासून पोराच्या जिवाला घोर. एकदा तो मला म्हणाला, "काकू, आईला कशात तरी गुंतवा. तिकडं परत एकटी गेली तर पुढच्या खेपेला ताक मागायला कोण येतंय न येतंय."

गुंतवायचं म्हणजे काय करायचं? टीव्ही त्यांना आवडत नव्हता. देवळातल्या भजनी मंडळात मी एकदा घेऊन गेले तर भिंतीला टेकून छान झोपल्या. जन्मभर ही बाई मेंढरांमागं चाललेली. दिवाळी झाली की आटपाडीहून निघायचं, पश्चिमेकडं हिरवळ असेल तिथवर यायचं आणि पावसाच्या तोंडाला माघारी फिरायचं. वाटेत रात्री कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवायची, म्हणजे रानाला खत मिळतं आणि मालक धान्य देतो. नवरा गेला, मग गुडघे गेले, मग मेंढरं आटपाडीच्या बाजारात विकली. त्या बाजाराविषयी त्या कधी बोलत नसत. आमची कॉलनी उठली त्या रानातही आपली मेंढरं बसली होती असं मात्र त्या छातीठोकपणे सांगायच्या. मला ते फारसं खरं वाटत नाही. या भागातलं प्रत्येक रान त्यांना आपलंच वाटतं.

अशात आमच्या कॉलनीनं ओल्या कचऱ्याचा प्रश्न हाती घेतला. म्हणजे आमच्या यांनी घेतला. मधुकरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. आम्ही मिक्सर घ्यायला निघालो तरी हे आधी तक्ता करतात. प्रत्येक घरानं आपल्या ओल्या कचऱ्याचं खत घरीच करायचं असं ठरलं आणि यांच्या अंगात नवं बळ आलं. एका रविवारी कॉलनीच्या मोकळ्या जागेत यांनी तीन प्रकार मांडले. एक भोकं पाडलेला प्लास्टिकचा ड्रम, त्यात कचऱ्यावर विरजण भुरभुरायचं. दुसरी मातीची तीन मडकी, एकावर एक रचलेली. तिसरी गांडुळांची पेटी. भिंतीवर तक्ता लावला: वास, जागा, कष्ट, वेळ. हातात छडीसुद्धा होती. मला हसू आवरेना.

लोकांना तक्त्यातला एकच रकाना वाचायचा होता. उदयसिंहांनी विचारलं, "मधुकरराव, यातलं कमीत कमी काम कशात आहे ते सांगा." ड्रममध्ये, हे म्हणाले. झालं, सगळ्यांनी ड्रम घेतले. मडकी कुणालाच नको होती, फुटतात म्हणे. गांडुळांकडं तर बायका पदर सावरून लांबूनच बघत होत्या.

रंगुबाई सोनियाबरोबर आल्या होत्या. ड्रमपाशी थांबल्या, वाकून आत बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यात काय जीव हाय का?"

"नाही. यात जिवाणू असतात, पण ते डोळ्यांना दिसत नाहीत," हे म्हणाले.

"दिसत न्हाईत तर त्यांचं दुखलं-खुपलं कळायचं कसं?"

मडक्यांपाशीही तोच प्रश्न, तेच उत्तर. मग पेटीपाशी आल्या. यांनी वरचं ओलं बारदान उचललं. खाली तांबूस गांडुळं वळवळत होती. सोनिया दोन पावलं मागं सरली. रंगुबाई गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली बसल्या.

"ही खात्यात काय?"

"भाजीची देठं, सालं, वाळलेली पानं. तिखट-मीठ नाही चालत."

"पिल्लं कवा घालत्यात?"

"दोन-तीन महिन्यांत दुप्पट होतात."

"आन् उन्हाळ्यात ह्यांस्नी कुठं न्यायचं?"

यांच्या तक्त्यात या प्रश्नाला रकाना नव्हता. छडी खाली ठेवून हे म्हणाले, "कुठं न्यायचं नाही रंगुबाई. सावलीत ठेवायचं, वर पाणी शिंपडायचं."

"म्हंजी जाग्यावर बसून खाणारी हायत. माझ्या गुडघ्याला बरी." त्या उठल्या. "सोने, ही घ्यायची."

"आत्या, घरात किडे?"

"किडं न्हाईत. जितराब हाय."

जितराब म्हणजे गोठ्यातली, दावणीची जनावरं. त्या दिवसापासून गांडुळांना आमच्या गल्लीत दुसरं नाव राहिलं नाही. हे तर इतके खूश झाले की पेटी स्वतः उचलून त्यांच्या अंगणात, पेरूच्या सावलीत ठेवून आले. घरी मात्र पाठीला मलम मी चोळलं.

रंगुबाईंचा दिवस बदलला. सकाळी उठलं की आधी बारदान उचलून पेटीत डोकवायचं, मग चहा. विळीवर भाजीची देठं कापायच्या ती कशी, तर दात नसलेल्या म्हाताऱ्याला द्यावीत अशी बारीक. मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या. साळुंक्या अंगणात उतरल्या की काठी आपटून "हाऽऽड" अशी हाळी द्यायच्या. ती हाळी ऐकून पहिल्या दिवशी आमच्या यांच्या हातातला कप हिंदकळला होता.

मी एकदा चिडवलं, "नावं ठेवलीत का सगळ्यांची?"

"एवढ्यांस्नी नावं कुठनं आणू, वैनी? मेंढरांस्नी हुती." एवढं बोलून त्यांनी पेटीवरचं बारदान सारखं केलं. मग म्हणाल्या, "एक काळतोंडी हुती. तिला इकायची नव्हती." त्या बाजाराविषयी मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं एवढंच.

पिशवी अजून खुंटीलाच होती. पण "जाते गावाकडं" हे आता पंधरवड्यातून एकदा व्हायला लागलं. बिरदेवच्या चेहऱ्यावर रया आली. सोनिया मात्र पेटीच्या बाजूला फिरकत नसे, कपडे वाळत घालायलाही दुसऱ्या बाजूनं जायची.

थंडी पडली तशी गांडुळं सुस्तावली. एका कोपऱ्यात गोळा होऊन बसू लागली, खाणं कमी झालं. थंडीत त्यांचं तसंच होतं, पण रंगुबाईंना ते बघवेना. भाजीच्या देठांवर कुणाचं पोट भरतं का, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी बिरदेवकडून गुंडा नावाच्या आपल्या भाच्याला फोन करवला. तो कराडला कामासाठी येणारच होता, येताना आपल्या मेंढरांच्या वाड्यावरची ताजी लेंडी पोतं भरून घेऊन आला. त्या वासानं रंगुबाईंचा चेहरा असा उजळला की मला पटकन नाकाला पदर लावायचंही धाडस झालं नाही. त्यांनी ती ओली लेंडी पेटीत चांगली वीतभर पसरली, वर बारदान टाकलं, थंडी लागू नये म्हणून त्यावर आणखी एक पोतं टाकलं. "आता खा म्हणावं पोटभर."

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी सोनियानं कुंपणावरून मला हाक मारली ती ऐकूनच मी पदर खोचून धावले. पेटीच्या भिंतींवर, फरशीवर, नळापर्यंत गांडुळं पसरली होती, बहुतेक मेलेली. पेटीत हात घातला तर आत भट्टीसारखं ऊन. रंगुबाई पेरूच्या बुंध्याला टेकून बसल्या होत्या.

माझ्यामागून हे आले आणि सवयीनं सुरू झाले, "ताज्या खतात उष्णता निर्माण होते, त्यात मूत्र असलं की..." मी डोळे मोठे केले. तसं यांनी तोंड मिटलं.

"मेंढराला बी उपाशी पोटावर एकदम कवळं गवत घातलं की पोट फुगून मरतंय," रंगुबाई म्हणाल्या. "हे मला ठावं हुतं. लहानपणापास्नं ठावं हुतं. तरी म्या घातलं. आता माझ्या हातनं जितराब व्हायाचं न्हाई, वैनी. माझं दिस सरलं."

त्या उठल्या, घरात गेल्या आणि खुंटीवरची पिशवी घेऊन बाहेर आल्या. बिरदेव ड्युटीवर होता. विट्यावरून जाणारी आटपाडीची गाडी दुपारी होती, पण त्यांना घरात बसवत नव्हतं. मी समजूत घालायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "आडवू नका. जीव लागंना." माझ्या डोळ्यांसमोर आटपाडीचं ते बंद घर आणि जमिनीवर पडलेल्या रंगुबाई येत होत्या.

तेवढ्यात मागं काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. सोनिया, जी पेटीजवळ फिरकत नसे ती, बाह्या सारून कोपरापर्यंत पेटीत हात घालून बसली होती. वरची लेंडी ओंजळीनं काढून बाहेर टाकत होती. चेहरा वाकडा झालेला, पण हात थांबत नव्हते. तळाला, पाणी झिरपून गार राहिलेल्या कोपऱ्यात, जुन्या खतात गुरफटलेली मूठभर गांडुळं तिला सापडली. हलत होती.

"काका, ती मडकी कुठायत? कुणी न घेतलेली?"

आमच्या यांना इतक्या वेगानं चालताना मी निवृत्तीनंतर पहिल्यांदा पाहिलं. मडकं आलं. सोनियानं त्यात तळाला नारळाचा ओला काथ्या घातला, वर वाळलेली पानं, आणि ती मूठ अलगद सोडली. मडकं दोन्ही हातांनी छातीशी धरून ती फाटकापाशी गेली. रंगुबाई पिशवी घेऊन तिथं उभ्या होत्या.

"आत्या, एवढी जगलीत. यांना किती घालायचं, कवा घालायचं, मला कळत न्हाई. तुमी जाताय तर घिऊन जा."

रंगुबाईंनी मडक्यात वाकून पाहिलं. "एसटीत? एवढ्या धक्क्यात? मरत्याल की."

"मग ठेवून जा. माझ्याकडं बी मरतीलच."

सोनिया हे रागानं म्हणाली का रडत म्हणाली, मला सांगता येणार नाही. तिच्या हनुवटीला लेंडी लागली होती. रंगुबाईंनी पदरानं ती पुसली. मग मडक्याच्या तोंडावर हात धरून म्हणाल्या, "आगं, वर वलं बारदान घाल आदी. उजेड सोसत न्हाई त्यांस्नी."

जुनं बारदान लेंडीत भरलेलं. मी आमच्या घरात शोधायला वळले तोच रंगुबाईंनी पिशवी उपडी केली. लुगडी सोनियाच्या खांद्यावर टाकली, चुन्याची डबी कमरेला खोचली, किल्ली सोनियाच्या हातात दिली. मग शिवण दातानं उसवली, पिशवी नळाखाली भिजवून पिळली आणि मडक्यावर पांघरली.

"जाईन की," त्या कुणीच काही विचारलं नव्हतं तरी म्हणाल्या. "ही जरा वाढू देत."

गांडुळं वाढली. मातीच्या मडक्यात ती पेटीपेक्षा सुखी आहेत, गारवा राहतो. यांनी तक्त्यात मडकी आणि गांडुळं असा चौथा प्रकार घातला आणि तो आपल्यालाच सुचल्यासारखा सगळ्यांना समजावला. तोवर कमी कष्टाच्या ड्रमांना वास सुटला होता, उदयसिंहांचा ड्रम तर त्यांच्या बायकोनं गच्चीवर हद्दपार केला होता. मग एकेक जण रंगुबाईंच्या दारात येऊ लागला. त्यांनी कुणाला नाही म्हटलं नाही, पण फुकटही दिलं नाही. गावाकडं मेंढरू निम्म्यानं पाळायला देतात, म्हणजे सांभाळायचं त्यानं आणि पिल्लांतली निम्मी मूळ मालकाची. तशी त्यांनी कॉलनीत गांडुळं निम्म्यानं दिली. आता संध्याकाळी काठी टेकत घरोघरी आपला वाटा बघायला जातात. आमच्याकडंही येतात, मडक्यात डोकावून मला बोलतात, "वैनी, लय कोरडं ठेवलंय. जितराबाला पाणी दावत जावा." मी लगेच पाणी शिंपडते.

परवा बिरदेवला सुट्टी मिळाली. गावाकडच्या घराचे पत्रे बघून यायचे होते. तो म्हणाला, "आये, चल की. ऱ्हाऊ चार दिस तिकडं."

"येते. पर सांजच्याला माघारी आणून सोड," रंगुबाई म्हणाल्या. "मागं जितराब हाय."

दोघं निघाले. फाटकापर्यंत जाऊन रंगुबाई परत फिरल्या, कारण आटपाडीच्या घराची किल्ली त्यांना सोनियाकडं मागावी लागली.