ठिपक्याचा प्लग

आमच्या घरात दोन प्रकारची वीज होती. एक, जी साऱ्या नाशिकला मिळायची. दुसरी, जी फक्त आम्हाला मिळायची, कारण ती माझ्या बाबांनी बनवली होती. पहिली गेली की दुसरीही जायची, पण हा तपशील कोणी काढलेला बाबांना आवडत नसे.

आईला दमा होता. आज ती ठणठणीत आहे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर या प्रकाराची टिंगल करायची माझी हिंमत झाली नसती. पावसाळा सरता सरता तिचा दमा उसळायचा. मग पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या घरातून बाबांच्या स्कूटरवर दवाखाना गाठायचा, तोंडाला मास्क लावून औषधाची वाफ घ्यायची आणि परत यायचं, असा दिवाळीपर्यंतचा कार्यक्रम ठरलेला. कधीकधी दवाखाना येईपर्यंत तिचे ओठ निळे पडत. ते ऐकून अमेरिकेतल्या मामाने नव्वदच्या दशकाच्या शेवटी, सुट्टीवर येताना, वाफेचं मशीनच आणलं. पांढरंशुभ्र, जेवणाच्या डब्याएवढं. आता आईला दवाखाना येईपर्यंत श्वास पुरवून वापरावा लागणार नव्हता.

जाताना मामा एवढंच म्हणाला, "दाजी, हे एकशेदहा व्होल्टवर चालतं. आपल्याकडे दोनशेतीस. जरा जपून."

"हे तू मला सांगतोस?" बाबा म्हणाले.

बाबा अंबडच्या एका कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज होते. तिथे मोटारी होत्या, पॅनल होते, क्रेन होती, आणि ते सगळं सांभाळायला इलेक्ट्रिशियन होते. बाबा त्या इलेक्ट्रिशियनांवर ओरडायचे. एवढ्या अनुभवावर माणसाला वीज कळते, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर मशीनशेजारी ठेवायचा आणि मशीन कायमचं त्यालाच जोडून टाकायचं, हा सरळ मार्ग होता. तो वायरमनने सुचवला, म्हणून बाद झाला. बाबांनी ट्रान्सफॉर्मर माळ्यावर चढवला, तिथून भिंतीतून वायर खाली आणली आणि दिवाणाशेजारी, जुन्या प्लगला अगदी खेटून, नवा प्लग बसवला. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे, एकाच मापाचे. "बोर्ड मॅचिंग दिसले पाहिजेत," ते म्हणाले. एका प्लगात एकशेदहा, दुसऱ्यात दोनशेतीस, आणि दोघांचे चेहरे जुळ्या भावांचे.

उरली मशीनची पिन. ती होती दोन चपट्या पात्यांची, आणि आपल्या प्लगाची भोकं गोल. ती बसेना. मला आता वाटतं, त्या मशीनमधली सगळ्यात शहाणी गोष्ट ती पिनच होती. आपण भलत्या ठिकाणी शिरायचं नाही, एवढं तिला कळत होतं. बाबांनी पक्कड घेतली, ती कापली आणि तिथे आपला काळा थ्री पिन टॉप लावून टाकला. आता मशीन घरातल्या कुठल्याही प्लगात बसत होतं.

"दोन्ही सारखेच दिसतात हो," आई म्हणाली.

"लक्षात ठेवायचं," बाबा म्हणाले, आणि सुरक्षेचा विषय तिथेच आटोपला.

लक्षात अर्थातच कोणाच्या राहिलं नाही. दिवाळीनंतर निफाडहून आत्या राहायला आली. तिने सकाळी बादलीत पाणी तापवायचा रॉड टाकला आणि नेमका नव्या प्लगात लावला. अर्ध्या तासाने पाण्यात बोट घालून ती बाबांना म्हणाली, "दादा, तुझ्या घरची लाईट लय मंद हाय रं. आमच्या मळ्यावर बरी येती." बाबांनी तिला व्होल्ट म्हणजे काय ते समजावलं. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि गार पाण्याने अंघोळ केली.

त्यानंतर मात्र बाबांनी खूण करायचं मनावर घेतलं. आधी स्केचपेनने ११० लिहिलं. ते आईने आठवड्याभरात ओल्या फडक्याने पुसलं, कारण भिंतीवर लिहिलेलं तिला खपत नसे. मग त्यांनी कारखान्यातून ऑइलपेंट आणला आणि नव्या प्लगाच्या डोक्यावर लाल गोल ठिपका दिला. लाल का, तर कारखान्यात धोक्याला लाल असतो. खरं म्हणजे मशीनला धोका होता तो शेजारच्या, ठिपका नसलेल्या प्लगापासून. पण हे म्हणायचं कोणी? शेजारच्या काकूंनी तर एकदा विचारलंच, "तुम्ही प्लगला रोज कुंकू लावता का गं?" आम्ही हसलो. त्या प्रश्नावर हसण्याऐवजी विचार केला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी दसऱ्याला बाबांनी घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा काढली. त्यांच्या कारखान्यात मशीनची पूजा दणक्यात व्हायची, आणि आपलं घर त्यात मागे पडतंय असं त्यांना वाटायला लागलं होतं. देवापुढे पाट मांडून त्यावर पक्कड, टेस्टर, मिक्सर, माझं बारावीचं फिजिक्सचं पुस्तक आणि आईचं वाफेचं मशीन ठेवलं. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडूचं फूल. मग ताम्हन घेऊन बाबा घरभर फिरले. टीव्ही, फ्रिज, पंख्याचं बटण, मीटर. एकही बोर्ड त्यांनी सोडला नाही. प्रत्येक प्लगाच्या डोक्यावर अंगठ्याने दाबून छान गोल लाल टिळा. स्वतः काढलेला धोक्याचा ठिपका स्वतःच घरभर वाटून झाल्यावर ते समाधानाने स्कूटर धुवायला अंगणात गेले.

धूप बराच झाला होता. आई स्वयंपाकघरातून खोकत बाहेर आली, दिवाणावर बसली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढे वाकली. तसं वाकणं मला माहीत होतं. मी पाटावरचं मशीन उचललं, त्याच्यावरचं फूल काढलं, औषध घातलं, मास्क तिच्या तोंडाला लावला. टॉप हातात घेऊन भिंतीकडे वळले आणि थांबले. दोन प्लग, दोन ठिपके. डावा की उजवा, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मी ठिपका पाहायचे.

"बाबा, मशीन कुठल्या प्लगात?" मी ओरडले.

"ठिपक्याच्या!" अंगणातून तितक्याच जोरात उत्तर आलं.

नखाने खरवडलं असतं तर कुंकू निघालं असतं आणि ऑइलपेंट राहिला असता. हे मला सुचलं, पण दुसऱ्या दिवशी. तेव्हा आईच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी डाव्या प्लगात टॉप खुपसला आणि बटण दाबलं.

मशीन कधी नव्हे इतक्या जोरात घरघरलं. मला वाटलं, पूजेचा गुण आला. चार-पाच सेकंदांनी जळका वास आला, मग मशीनच्या जाळीतून काळा धूर निघाला, आणि तो थेट आईच्या तोंडावर गेला. फ्यूज उडायला हवा होता. उडाला नाही, कारण तो सारखा उडतो म्हणून बाबांनी त्यात जाड तार घातली होती. मी टॉप ओढून काढला. बोटांना चटका बसला. आईने मास्क काढून फेकला. तिचा श्वास आत जात होता की नाही, ते मला कळेना. आपण हिला मारलं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

रिक्षा मिळणं शक्य नव्हतं, नाक्यावरच्या सगळ्या रिक्षा धुवून, हार घालून पूजेला उभ्या होत्या. आम्ही तिघं स्कूटरवर बसलो. आई मध्ये, मी मागून तिला धरलेलं. आणि बाबांनी स्कूटर सुरू करतानाच तोंडही सुरू केलं.

"बारावी सायन्सला आहेस ना? एकशेदहा आणि दोनशेतीसमधला फरक कळत नाही? इतकं समजावून सांगितलं, इतकी खूण करून दिली, तरी डोकं चालवायचं म्हणून नाही."

माझ्या हातांखाली आईच्या फासळ्या वरखाली होत होत्या. मला बाबांचं म्हणणं पटत होतं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. प्लगात टॉप मीच लावला होता.

सणामुळे दवाखान्यात कंपाउंडर एकटाच होता. डॉक्टर वरच्या मजल्यावर जेवायला बसले होते, तो त्यांना बोलवायला धावला. आम्ही आईला बाकावर बसवलं. बाबा समोर उभे राहून पुन्हा सुरू झाले, "निष्काळजीपणा. दुसरं काही नाही. साधं बघून लावता येत नाही या मुलीला."

आईने हात वर केला. मला वाटलं तिला पाणी हवंय. तिने बाबांच्या शर्टाची बाही धरली आणि ओढली. ते खाली वाकले.

"तिला," आई म्हणाली, आणि थांबली. एक श्वास घेतला, तोही अर्धाच. "बोलू नका."

"अगं, तू बोलू नकोस, त्रास होईल."

तिने बाही सोडली नाही. डोळे मिटून तिने आणखी दोनदा श्वास ओढला. "पिन," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "तुम्ही कापलीत."

बाबा तसेच वाकलेले राहिले. मला रडू फुटलं.

तेवढ्यात डॉक्टर हात पुसत खाली आले. दम लागलेल्या माणसाला किती बोलता येतंय यावरून दमा किती आहे ते त्यांना कळायचं, त्यामुळे ते नेहमी आधी तेच विचारत. आईसमोर बसून ते म्हणाले, "काय ताई, एक वाक्य बोलून दाखवा बघू."

आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि मानेनेच नाही म्हटलं.