लोखंडाची कणी

दोन हजार सालानंतरची काही वर्षं मी कोल्हापुरातल्या एका खासगी स्कॅन सेंटरमध्ये टेक्निशियन होते. एमआरआयचं मशीन नवीन आलं होतं आणि पेशंटला आत पाठवण्याआधीची तयारी माझ्याकडे असायची. ते मशीन म्हणजे एक भलंमोठं लोहचुंबक. त्यामुळं अंगावरचं धातूचं सगळं उतरवून घ्यायचं, आणि शरीराच्या आत काही धातू आहे का, हे छापील कागदावरचे प्रश्न विचारून बघायचं.

एका सकाळी शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत काम करणारे एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, दांडगे. ओतून निघालेल्या लोखंडी भागांचे काठ ग्राइंडरवर घासायचं त्यांचं काम. कंबरेतून उजव्या पायात कळ जायची, म्हणून डॉक्टरांनी पाठवलं होतं. बरोबर बायको होती. ती त्यांचा दंड धरायची आणि ते दर चार पावलांना सोडवून घ्यायचे.

घड्याळ, पट्टा, किल्ल्या निघाल्या. कंबरेचा चांदीचा करदोडा काढायला मात्र ते तयार होईनात.

"चांदीला कुठं लोहचुंबक धरतंय, बाई?"

"धरत नाही, मामा. पण कंबरेचाच फोटो काढायचाय. तो बिघडतो."

हे पटलं. बायकोनं करदोडा सोडवून पदराच्या गाठीला बांधला. "लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा निघाला बगा," ती मला म्हणाली.

मी कागद घेऊन विचारायला लागले. हृदयात मशीन बसवलंय? न्हाय. कुठलं ऑपरेशन? न्हाय. डोळ्यात कधी लोखंडाची कणी गेली होती?

"न्हाय."

मी त्यापुढं खूण केलीसुद्धा. तेवढ्यात दारात उभी असलेली बायको म्हणाली, "गेलती की."

"तू गप."

"गप काय? दोन वर्सं झाली. आठ दिस डोळा लालभडक हुता, पानी थांबंना."

"ती तवाच काडली," ते मला म्हणाले. "जोडीदारानं रुमालाच्या टोकानं काडली. आमच्याकडं ह्ये रोजचंच हाय. त्यात काय सांगायचं?"

मी उठून आमच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी आधी डोळ्यांचा एक्स-रे काढायला लावला. एकदा वर बघून, एकदा खाली बघून. दोन्ही फिल्मवर उजव्या डोळ्यात तिळाएवढा पांढरा ठिपका होता आणि नजरेबरोबर तो सरकला होता. कणी अजून डोळ्यातच होती.

डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं, की त्या मशीननं ही कणी ओढली असती, तर डोळा गेला असता. मामा सेंटरचा आखूड निळा गाऊन घालून बाकावर बसून राहिले. मी पाणी नेऊन दिलं. त्यांच्याबरोबरच्या मावशी बाहेर चहाला गेल्या असत्या, तर माझ्या त्या खुणेवर मी मामांना आत पाठवलं असतं.

ग्लास खाली ठेवून मामांनी बायकोला विचारलं, "तुझ्या कसं ध्यानात ऱ्हायलं?"

"उशीचे अभ्रे कोन धूत हुतं?" ती म्हणाली.

त्याच दिवशी त्यांचा सीटी स्कॅन केला. त्यात लोहचुंबक नसतं. मणक्यातली चकती सरकलेली होती, पण औषधं, विश्रांती आणि व्यायामावर भागलं. कणी डोळ्याच्या पांढऱ्या भागात वरच रुतलेली निघाली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी छोटं ऑपरेशन करून ती काढली.

त्यानंतर मी ते प्रश्न पेशंटला एकट्याला कधी विचारले नाहीत. बरोबरच्या माणसाला आत बोलवायचं, खुर्ची द्यायची आणि मग कागद काढायचा. काही पुरुषांना राग यायचा. येऊ दे, म्हणायची.

दोन-तीन महिन्यांनी ती दोघं पुन्हा आली, नुसती भेटायला. मामा सरळ चालत होते. "आता कामावर चष्मा लावतो," ते म्हणाले. "घामानं धुरकाटतोय, पर लावतो."

मावशींना ते मशीन बघायचं होतं. पेशंट नव्हता, म्हणून मी त्यांना काचेतून दाखवलं. त्या बराच वेळ त्या गोल बोगद्याकडे बघत राहिल्या.

"येवढ्याशा भोकात निजायचं? आनि त्ये पन अर्धा तास? ह्यास्नी जमलंच नसतं."

"जमलं असतं," मामा म्हणाले. "तू हुतीस की भाईर."