घागरींच्या रांगेतली द्वारकाआत्या

द्वारकाआत्यामुळे मी सातवी पास झाले. आधी एवढं सांगून टाकते, कारण मला सलग लिहायची सवय नाही, आणि भरकटत गेले तर मुख्य माणूसच राहून जायचं.

ती माझी सख्खी आत्या नव्हती. गावचीच लेक, मुखेडकडं दिलेली, नवरा गेल्यावर परत आलेली, म्हणून आमची सगळी वस्ती तिला आत्या म्हणायची. आमच्या वस्तीत सगळे बौद्ध. गाव शिरूर अनंतपाळच्या बाजूचं. आत्याची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. कुठंही गेली की ती आधी खाली बसायची, मग तोंड उघडायची. तलाठ्याकडं गेली तरी फरशीवर फतकल, दवाखान्यात गेली तरी तेच. कुणी हटकलं तर म्हणायची, "उभ्या माणसाला वाटंला लावनं लई सोपं असतंय बाबा. बसल्याला उठवायला जरा तरी लाज वाटती."

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. पूर्वी कुठल्याही कामाला उस्मानाबाद गाठावं लागायचं. आता जिल्हा जवळ आला, पण कोणता साहेब कुठं बसतो हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. त्यात पावसानं पाठ फिरवलेली. विहिरी तळाला गेल्या आणि गावात टँकर सुरू झाला.

टँकर यायचा नेमका शाळेच्या वेळेला. मोठी माणसं भल्या सकाळी तलावाच्या दुष्काळी कामावर गेलेली असायची, त्यामुळं घागरी घेऊन रांगेत उभं राहायचं काम आम्हा पोरांचं, त्यातही पोरींचं. प्रार्थना झाली की आम्ही मागच्या बाजूनं पसार. नुसती घागर ठेवून भागत नसे. नळी पुढं आली की घागर सरकवायला तिथं माणूस हवं, नाहीतर मागचा पुढं घुसायचा. अशाच एका सकाळी शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी शाळेत आले. सहावी-सातवीच्या वर्गात बसलेली पोरं त्यांनी बघितली, म्हणजे जवळजवळ कुणीच नाही असं बघितलं. आणि हे दोन वर्ग शिरूरच्या शाळेला जोडावेत असं बोलून ते निघून गेले.

मी तेव्हा सहावीत होते. शिरूर लांब. तिकडं पोरीला रोज एकटी कोण धाडणार? आमच्या घरात त्यावर चर्चासुद्धा झाली नाही. आई एवढंच म्हणाली की, बरं झालं, आता धाकट्याला सांभाळायला घरी कुणीतरी राहील. मी चुलीपुढं बसून भाकरी खाल्ली आणि धाकट्याला कडेवर घेतलं.

शाळेला एक समिती होती. सरपंच अण्णा अध्यक्ष, हेडगुरुजी सचिव, बाकी गावातले पाच-सहा जण सभासद. द्वारकाआत्याही सभासद होती. एक बाई हवी होती आणि एक आमच्या वस्तीतलं माणूस हवं होतं. आत्याच्या एका नावात दोन्ही भागलं. पण बैठकीला तिला कधी कुणी बोलावलं नव्हतं. शाळेचा शिपाई शंकर कागद घेऊन दारात यायचा आणि ती सही करायची. चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळं सही मोठी झोकदार. आपण पोरांना शाळेत मिळणाऱ्या सुकडीच्या खाऊसाठी सही करतो अशीच तिची कितीतरी दिवस समजूत होती.

या वेळीही शंकर आला. वर्ग जोडायचा ठराव आहे म्हणाला. तिनं विचारलं, बैठक झाली का? तो म्हणाला, होईल की परवा, तुम्ही सही तर करा. आत्यानं कागद त्याच्या हातात परत दिला. "आधी बैठक, मग सही. लगीन लागायच्या आधी बाळंतविडा देतेत का रं?"

बैठक पाचवीच्या वर्गात झाली. आईबापांनी बैठकीत जायचं नसतं, व्हरांड्यात उभं राहून ऐकायचं, अशी गावची रीतच होती. नियम तसा कुठंच नव्हता, पण कुणी विचारलंही नव्हतं. त्या दिवशी कामाला सुट्टी होती, म्हणून व्हरांडा भरला होता. मी खिडकीशी होते. आत्या आली, सरळ आत गेली आणि पुढच्या बस्करपट्टीवर बसली.

अण्णा हसून म्हणाले, "द्वारका, आज सुकडी न्हाई वाटायची."

"ठावं हाय अण्णा. बैठक हाय म्हनून आले. मेंबर हाय न्हवं मी?"

हेडगुरुजी उदगीरचे, शहरातले, भला माणूस, पण वरच्या कागदाला भिणारे. ते म्हणाले की पट टिकत नाही, वरूनच आलंय, आपल्या हातात काय? आत्यानं त्यांना शांतपणे विचारलं, वरून आलंय तर मग आमची सही कशाला लागती? गुरुजींनी हातातला कागद खाली ठेवला. मग त्यांनी मोकळेपणानं सांगितलं की समितीचा ठराव पंचायत समितीला जातो, तिथून लातूरला जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीपुढं जातो. गावानं वर्ग राहू द्या म्हटलं आणि पोरं बसवून दाखवली, तर त्यांना विचार करावा लागेल. एवढी साधी गोष्ट गावानं पहिल्यांदाच ऐकली. नवा जिल्हा म्हणजे नवा हुकूम, असंच सगळे धरून चालले होते.

अण्णा म्हणाले, पोरं बसवून दाखवायची म्हणजे पाणी कोण भरणार?

"घागरी ठिवून पोरं शाळंत जाऊ द्या. म्या बसते रांगंपाशी. नळी आली की एकेक सरकवीन."

सभासद एकमेकांकडं बघू लागले. कशामुळं, ते कुणाला सांगायला नको होतं. आत्यानं सरकवायच्या म्हणजे गावातल्या घागरींना तिचा हात लागणार. आत्याला ते आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. ती जागची उठली नाही. तेवढ्यात दाराशी उभी असलेली अण्णांची सून डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "माझी सरकवा आत्या. माझी पोरगी वर्गात बसू द्या." अण्णांनी तिच्याकडं बघितलं आणि मग छताकडं. ठराव झाला तो वर्ग राहू द्यावेत असा. आत्यानं तिथंच सही केली, सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत मोठी.

दुसऱ्या दिवसापासून ती रांगेपाशी बसू लागली. अर्ध्या गावानं घागरी तिच्या भरवशावर सोडल्या. उरलेल्या घरांना तिचा हात नको होता, म्हणून त्यांच्या घरची मोठी माणसं स्वतः येऊन उभी राहू लागली. कुणाची सासू, कुणाचा चुलता. म्हणजे त्यांचीही पोरं सुटलीच. आई आत्याजवळ या लोकांना नावं ठेवायला लागली, तर आत्या खुदकन हसली. "नगं का हात माजा, त्या निमतानं पोरं तर वर्गात गेली. मला काय, घागर सरकवायची व्हती का पोरगी?"

टँकर गेला की ओल्या पदरानं ती शाळेच्या पायरीवर येऊन बसायची. मधल्या सुट्टीत आम्हाला धरून विचारायची, आज काय शिकलात ते सांगा. भागाकार असो की महासागर, सांगावंच लागायचं. म्हणायची, "शिकल्यालं कुनाला सांगितलं न्हाई तर नासतंय, पोरी." तिला त्यातलं किती कळायचं कोण जाणे. पण ऐकायची मात्र डोळे मिटून, कीर्तन ऐकल्यासारखी.

साहेब पुन्हा आले, न सांगता, टँकरच्याच वेळेला. वर्ग भरलेला होता. गुरुजींनी ठरावाची नक्कल त्यांच्या हातात दिली. पुढं लातुरात काय झालं ते आम्हाला कळलं नाही, पण आमचे वर्ग कुणी हलवले नाहीत. मी त्याच खोलीत सातवी पास झाले.

त्यापुढं शिकले नाही. आठवीला शिरूर आलंच, आणि ते घरच्यांना जमलं नाही. लग्न होऊन सुरतेला आले. इथं डोळ्यांच्या दवाखान्यात आयांची भरती निघाली तेव्हा अट होती, निदान सातवी पास. माझ्याबरोबर आलेल्या दोघी बाया त्या अटीशीच अडल्या आणि परत गेल्या. मला आत घेतलं. त्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले, आणि रडता रडता मला दिसत होती ती टँकरशेजारी मातीत बसलेली बाई.

आता बहीण फोनवर सांगते की आत्याला दिसेनासं झालंय. माणसं आवाजावरून ओळखते, पायरी चाचपडत उतरते. मोतीबिंदू असणार. मी रोज असे डोळे बघते, ते बरे होतात हे मला माहीत आहे. तरी मन थाऱ्यावर नाही. इथं रजा मिळत नाही, गाव लांब, आणि तिचं वय झालंय.

पण मी येणार आहे, आत्या. तुला लातूरच्या दवाखान्यात नेईन, पट्टी सुटेपर्यंत तुझ्या खाटेशी बसेन, आणि डोळ्यांत औषध घालायचं काम दुसऱ्या कुणाला करू देणार नाही.