खंडेनवमीला थांबवलेला सर्व्हर

माझ्या वडिलांचं लातूरला लेथचं दुकान होतं. खंडेनवमीला ते सकाळीच यंत्र पुसायचे, तेल द्यायचे, हळदकुंकू लावायचे आणि मग दिवसभर कुणी कितीही गयावया केली तरी बटण दाबायचे नाहीत. "वरीसभर आपण त्याला राबवून घेतो. येक दिस त्याचा," एवढंच त्यांचं म्हणणं. ते गेल्यावर दुकान विकलं. मी नांदेडला सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस काढलं, पण ही रीत तेवढी सोबत नेली. देवाधर्माचं मला फारसं काही नाही. वडिलांचं आहे.

पूर्वी आमचा सर्व्हर ऑफिसातच कोपऱ्यात घरघरत असायचा. त्याच्यावर झेंडूचं फूल ठेवलं, वायर काढली, की झालं. पण वीज जायची, उन्हाळ्यात तो भट्टीसारखा तापायचा, म्हणून मागच्या वर्षी सगळं क्लाउडवर नेलं. म्हणजे दूरच्या शहरात एका मोठ्या कंपनीची यंत्रं आहेत, त्यांतलं एक भाड्याने घ्यायचं आणि इथून पडद्यावर बटणं दाबून चालवायचं. ना ते दिसतं, ना त्याला हात लागतो.

खेड्यातल्या मुलांना शाळेचे धडे ऐकवणारं ॲप आम्ही चालवतो. त्यात भूगोल नव्हता, कारण मला तो माझ्या सरांच्याच आवाजात हवा होता. सर लातूरच्या शाळेतून निवृत्त होऊन रेणापूरला राहतात. मांजरा नदी त्यांनी शिकवली की शेवटच्या बाकावरच्यालाही पाण्याचा आवाज यायचा. दोन वर्षं मी नुसतं म्हणत होते, जाऊ, विचारू. मग एक दिवस त्यांचाच फोन आला. आवाज घोगरा.

"गळ्याचा कॅन्सर निघालाय. स्वरयंत्र काढणार म्हणतेत. ऑपरेशनला पंधरा दिवस हायत. तुला भूगोल पाहिजे होता ना? तेवढ्या दिवसांत सांगून ठेवतो. तू जपून ठेव."

पंधरा दिवसांत सरांनी बावीस धडे फोनवर रेकॉर्ड करून आमच्या ॲपमधूनच पाठवले. मधे खोकला, मधे पंखा, पण एकही धडा त्यांनी अर्धवट सोडला नाही. त्यांचा फोन साधा, तो भरून जायचा. मीच सांगितलं, "सर, माझ्याकडे पोचलं की फोनमधून काढून टाकत जा, जागा होईल." त्यांनी ते तंतोतंत पाळलं. विद्यार्थिनीने सांगितलेलं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत असतील.

आलेलं रेकॉर्डिंग आमच्याकडे आधी त्या भाड्याच्या यंत्रातल्या एका वेगवान डिस्कवर उतरतं. तिथे साफसफाई होते आणि मग ते आपोआप कायमच्या साठ्यात जातं. सरांचे धडे मात्र मी तिथेच अडवून ठेवले. दुसऱ्यांचे धडे प्रोग्रामने साफ केले तर चालतात, सरांचे मी स्वतः ऐकून, खोकला काढून, मगच पुढे पाठवणार होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच. तेवढ्यात सरांचं ऑपरेशन झालं. मग नवरात्र आलं. निम्मे धडेही साफ झाले नव्हते, आणि झालेलेही सगळे एकदम पाठवू म्हणून तिथेच होते.

खंडेनवमीला ऑफिसात आम्ही लॅपटॉपची पूजा केली आणि मला चुकल्यासारखं वाटलं. खरं राबणारं यंत्र तर तिकडे दूर. त्याला फूल कसं वाहणार? निदान विश्रांती तरी देऊ म्हणून मी पडद्यावर जाऊन ते पूर्ण थांबवलं. मुलांना सुट्टीच होती. थांबवताना एक सूचना आली की तात्पुरत्या डिस्कवरचा मजकूर राहणार नाही. ती मी वाचली. अशा सूचना दिवसात पन्नास येतात, आपण 'ठीक आहे' दाबतो. मीही दाबलं आणि डोळे मिटून नमस्कार केला. त्या नमस्काराची मला अजून लाज वाटते.

त्याआधी आम्ही ते यंत्र कितीदा तरी बंद करून लगेच चालू केलं होतं, तेव्हा डिस्कला काही होत नव्हतं. पूर्ण थांबवलं की मात्र ती डिस्क दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाते आणि आपल्याला नवी कोरी मिळते. हे मला माहीत होतं. पोटासाठी मी हेच काम करते.

दसऱ्यानंतर यंत्र चालू केलं. सरांचा फोल्डरसुद्धा नव्हता. कंपनीला लिहिलं, त्यांचं सभ्य उत्तर आलं की यात काही करता येत नाही. सरांच्या फोनमधून तरी काही निघेल का म्हणून रेणापूरच्या एका ओळखीच्याला विचारलं, तर ऑपरेशननंतर सरांचा तो फोनच बदलला होता.

लातूरला उतरून रेणापूरची गाडी धरली. सर पलंगावर बसलेले, गळ्याला पट्टी, मांडीवर वही. मी रडतच सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग वहीत लिहिलं, "भूगोल पुस्तकात आहे. तू रडू नको." त्यांनी मला रागावायला हवं होतं. पण रागावायला त्यांच्याकडे आवाज नव्हता, तो माझ्याकडे ठेवायला दिला होता.

काकू दारात उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "पोरी, मला त्या भूगोलातलं काय कळतंय? पर येकदा ह्ये बोलत हुते आन् मी दार वाजवलं. तवा ह्ये 'अगं थांब, आलोच' म्हणले. त्ये बी भरलं हुतं त्यात. म्हणलं हुतं, तू आलीस की ऐकीन. त्येवढं तरी हाय का गं?"

ते वाक्य मी ऐकलं होतं. धड्याच्या मध्येच येतं, कापायचं, अशी खूणही करून ठेवली होती.

"नाही काकू," मी म्हणाले.

"बरं. चहा ठिवते," म्हणून त्या आत वळल्या. सरांनी हात पुढे केला, ओठ हलवले. 'अगं'च असावं. काकूंची पाठ होती, त्या चालत राहिल्या.