तोंडावर बोट

शिस्त हा शिक्षणाचा प्राण आहे. आमच्या आश्रमशाळेच्या दर्शनी भिंतीवर हे निळ्या रंगात लिहिलेलं आहे. रंगाऱ्याला जागा कमी पडली, म्हणून 'प्राण आहे' हे शब्द मुतारीच्या दारावर गेले. दार उघडं असलं की वाक्य 'शिक्षणाचा'पाशीच थांबतं.

याच शाळेत, माझ्याच वर्गात, मला तोंडावर बोट ठेवून उभं राहावं लागलं. मी त्या वर्गाची शिक्षिका होते.

सहावीचा गणिताचा तास होता. पोरं जमिनीवर ओळीनं बसून अपूर्णांक सोडवत होती. आणि बोलत होती. मुख्याध्यापक दारात आले. त्यांना सगळे मोठे सर म्हणतात.

"हाताची घडी, तोंडावर बोट."

वर्ग जागच्या जागी थिजला. मी खडू ठेवून वळले.

"मॅडम, तुम्हीपण."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण मोठे सर गंमत फक्त साहेबांसमोर करतात.

"ऐकू नाही आलं? घडी. बोट."

मी ठेवलं. माझी नोकरी तासांवर. तास काढून घेतले की नोकरी संपली. पण तेव्हा नोकरीचा विचारही आला नव्हता. बोट आपोआप वर गेलं. आश्रमशाळेत वाढलेल्या बोटाला रस्ता पाठ असतो.

मग ते वर्गाशी बोलले. माझ्याबद्दल, माझ्यासमोर. "तुमच्या बाई तुमच्याच डोंगरातल्या. त्यांना हा गोंगाट वाटतच नाही. पाड्यावर असंच चालतं ना? माणसांत आणायचं तर आधी गप्प करावं लागतं."

गेले. जाताना 'बोट काढा' म्हणाले नाहीत. पोरं माझ्याकडे बघत राहिली, मी पोरांकडे. घंटा झाली तेव्हा आम्ही बोटं काढली.

मोठे सर घाटावरचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मास्तरकी. भाषा स्वच्छ, इस्त्री केलेली. आदिवासी दिनाला ते तारपा हातात धरतात. वाजवत नाहीत, धरतात. फोटो निघाला की परत देतात.

माझं गाव वांगणी. एके काळी तिथं कुपोषणानं खूप पोरं गेली, म्हणून वावर-वांगणी म्हटलं की बाहेरची माणसं आवाज खाली आणतात, मयताला आल्यासारखा. आम्ही मात्र मोठ्यानं बोलतो. एका टेकाडावरून दुसऱ्या टेकाडावर बोलायचं तर दुसरा उपाय नसतो.

डी.एड.ला वर्गव्यवस्थापनात मला चांगले गुण होते. पुस्तकातली मुलं बाकावर बसलेली होती. माझी नव्हती. ओहोळात खेकडा दिसला की अर्धी सहावी खिडकीतून बाहेर. दारानं नाही, दार लांब पडतं. मी ओरडले, उभं केलं, बाहेर काढलं. बाहेर काढणं ही त्यांना शिक्षा वाटेना. खेकडा तिथंच होता.

मग मला आवणी आठवली. भाताची रोपं लावताना सगळे एका ओळीत, पाठीमागं सरकत जातात, तोंड सतत चालू. एखादी मागं राहिली तर शेजारची तिचा पट्टा आपल्यात घेते, पण ओळ मोडत नाही. आवणीत कोणी गप्प झालं तर म्हातारी विचारते, "दुखतंय का गं?" मी वर्ग तसा बसवला. एक ओळ, एक गणित. ज्याचं झालं त्यानं शेजाऱ्याचं बघायचं. सगळ्यांचं झालं की ओळ पुढच्या गणितावर. खिडकीतून जाणं बंद झालं. मंगी नावाची पोर जूनपासून एक अक्षर बोलली नव्हती. ती शेजारच्या सोमाला ओरडून सांगायला लागली, "खालचा आकडा बघ रं, खालचा."

मोठ्या सरांनी याला दोन नावं दिली. गोंधळ आणि कॉपी.

त्या बोटानंतर दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिरले, तर अख्खी सहावी तोंडावर बोट ठेवून बसलेली. मागून सोमा म्हणाला, "बाई, तुझा बोट कुठंय?"

सगळे हसले. पोरं दुष्ट नव्हती. कोण कोणाला गप्प करू शकतं, एवढं त्यांनी बघून ठेवलं होतं. ते अपूर्णांकांपेक्षा लवकर समजतं. मंगी हसली नाही. ती पुन्हा जूनमध्ये गेली होती.

त्या रात्री मला झोप नव्हती. मी चौथीत असताना शेजारी बसणारी यमुना आठवत होती. ती तापानं फणफणलेली. तिची मांडी माझ्या मांडीला लागत होती, चुलीसारखी. आम्हा दोघींच्या तोंडावर बोट होतं. मी सांगितलं नाही. ती वाकडी झाली तेव्हा सर म्हणाले, "सरळ बस." शिस्तीचा एवढा शांत वर्ग मी पुन्हा पाहिला नाही. यमुनाही पाहिली नाही.

काही दिवसांनी साहेब तपासणीला आले. मोठे सर त्यांना सहावीच्या दारात घेऊन आले. आवाज कमावलेला.

"हाताची घडी, तोंडावर बोट."

वर्गानं ठेवलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम."

माझं बोट वर जायला निघालं होतं. मी मूठ आवळली.

"तास चालू आहे, सर. बसायचं तर मागं जागा आहे."

मी वर्गाकडे वळले. "मंगी, तुझं झालं?"

ती सरांकडे बघत होती. बोट ओठावरच. मी थांबले. मला वाटलं, हरले.

"माझा झाला," ती बोटाआडून म्हणाली. मग बोट काढलं. "सोमाचा नाय झाला. त्याला काय येत नाय."

"येतंय मना," सोमा म्हणाला. "तू मधी बोलू नको."

भांडण सुरू झालं, आणि त्यामागून गणित. साहेब मोबाईलची रेंज शोधत खिडकीकडे गेले.

संध्याकाळी ऑफिसात बोलावणं आलं.

"कोणाच्या जोरावर?" मोठे सर म्हणाले.

"तास माझा होता."

"तास मी देतो."

"मग द्या नाहीतर काढून घ्या, सर. बोट वर जाणार नाही."

त्यांनी काढून घेतले नाहीत. दया नव्हे. इथं यायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

मी ठरवलंय. माझ्या वर्गात कोणतंही पोर तोंडावर बोट ठेवणार नाही. चुकेल, भांडेल, शिवी दिली तर माझी बोलणी खाईल. पण ताप आला तर सांगेल. शेजारणीला आला तरी सांगेल. आणि मी स्वतः कोणापुढं गप्प उभी राहणार नाही. साहेबापुढं नाही, साहेबाच्या साहेबापुढं नाही. नोकरी गेली तर आवणीला जाईन.

दिवाळीनंतर मोठ्या सरांनी मला सहावीवरून काढून पहिली दिली. शिक्षा म्हणून. पहिलीचा वर्ग त्यांच्या ऑफिसला लागून आहे. मधली भिंत छपरापर्यंत गेलेली नाही.