धाकू नाखव्यांची जागा

विस्मृतीत गेलेल्या पुढाऱ्यांची चरित्रं लिहिणं हा माझा उद्योग आहे. त्यात पैसा नाही, पण स्पर्धाही नाही. त्यामुळे नवी मुंबईच्या एका स्मारक समितीचा फोन आला तेव्हा मी लगेच कऱ्हाडहून एसटी पकडली. समिती धाकू नाखव्यांचा पुतळा उभारणार होती आणि भूमिपूजनाला मी त्यांच्या चरित्रावर बोलायचं होतं.

धाकू नाखवा म्हणजे इंग्रजांच्या अमदानीत मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात निवडून गेलेले कोळी पुढारी. भलेभले तिथे स्वराज्यावर फर्डी भाषणं करत, तेव्हा हे गृहस्थ उठून एकच मागणी करत. गावच्या खाडीकाठचं खळं (मासळी वाळवण्याची सारवलेली मोकळी जागा) बायकांच्या हवाली करा. मिठागरवाले त्यांना तिथून हुसकावून लावत. सभागृह वैतागलं, सरकार वैतागलं, आणि अखेर जागा मिळाली. एवढंच त्यांचं कर्तृत्व. आजकाल एवढंही कोणी करत नाही, म्हणून मला त्यांचं कौतुक.

वाशीला हायवेवर उतरलो आणि रिक्षावाल्याला स्मारकाचं नाव सांगितलं.

"सेक्टर बोला ना काका. नाव बोलून टेन्शन देऊ नका."

सेक्टर मला ठाऊक नव्हता. माझ्या डोक्यावरची टोपी न्याहाळून त्याने मला सरळ मार्केटात, कांद्याच्या ट्रकांच्या रांगेत नेऊन सोडलं. टोपीवाल्याचं नवी मुंबईत दुसरं काय काम असणार! एका हमालाने मला बाजारभाव विचारला. मी बॅग सांभाळत तिथून काढता पाय घेतला.

नाखव्यांचं गाव शेवटी फ्लेक्सवरून सापडलं. काचेच्या इमारतींच्या मागे, गल्ल्या अंग चोरून बसलेल्या. फ्लेक्सवर दहा-बारा हसरे चेहरे होते, सगळे समितीचे. धाकू नाखवा खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढे, आणि चक्क कोट-टायमध्ये. हा माणूस जन्मभर रुमालावर (कोळी पुरुष कमरेला गुंडाळतात ते वस्त्र) वावरला.

"पुतळा तळोज्याला बनतोय सर, एकदम टायवाला," समितीचे अध्यक्ष म्हणाले.

"पण ते टाय लावत नसत."

"टाय नसेल तर लीडर कसा वाटणार? लोकांना वाटेल मच्छी विकायला बसलाय."

"आणि जागा कुठली?"

"खाडीवरची. मोकळीच पडलीय. जरा वास मारतो, पण लॉन टाकलं की जाईल."

मी थक्क झालो. ती जागा म्हणजे ते खळंच होतं. ज्या तुकड्यासाठी हा माणूस आयुष्यभर भांडला, त्याच तुकड्यावर त्याला उभा करून तो तुकडा बायकांकडून काढून घ्यायचा होता. मला मनापासून संताप आला. पण प्रवासखर्च समितीचा असल्यामुळे तो मी चहाबरोबर गिळला.

जेवायला नाखव्यांच्या नातीकडे, हिराबाईंकडे सोय होती. सत्तरी ओलांडलेली, कासोटा मारलेली, आवाज खणखणीत. तांदळाची भाकरी आणि जवळ्याचं (सुकवतात त्या बारीक कोलंबीचं) कालवण. मी देशावरचा माणूस, तिसऱ्या घासाला नाकाडोळ्यांतून पाणी. उद्या भूमिपूजनाचा नारळ त्यांच्याच हातून फोडायचं ठरलं होतं.

"सगल्या बाया माझ्याकरं बघतान," त्या म्हणाल्या. "मी नारल फोरला का संपला. मंग कोन बोलनार? नाखव्याचे नातीनंच जागा दिली बोलतील."

"मग फोडू नका."

"नाय फोरला तं अध्यक्ष फोरील. नारल काय, कोनाचे बी हातानं फुटतं."

"मग करणार काय?"

"जेवा मास्तर. कालवन थंड होतंय."

सकाळी खळ्याच्या मधोमध मांडव होता, लाल गालिचा होता, प्रमुख पाहुणे म्हणून आमदार होते. बायका डोक्यावर पाट्या घेऊन कडेला उभ्या होत्या. त्या स्वागताला आल्या असं वाटून पाहुण्यांनी हात हलवला. हिराबाईंनी नारळ घेतला, कपाळाला लावला आणि एका दणक्यात फोडला. टाळ्या झाल्या. माझं तोंड कडू झालं.

तेवढ्यात त्या ओरडल्या, "हंगामाचा नारल फुटला गो! वता!"

पाऊस सरल्यावर खळ्यावर पहिला नारळ वडीलधारी बाई फोडते आणि लगेच मासळी पसरतात, अशी गावाची रीत. हे मला शेजारच्या म्हाताऱ्याने कानात सांगेपर्यंत पाट्या रिकाम्या झाल्या होत्या. मांडवाच्या चारी बाजूंनी ओला जवळा पसरला होता. पाहुण्यांनी बाहेर पडायला बूट उचलला.

"त्यावर पाय?" म्हातारा मोठ्याने म्हणाला. "ताटात पाय देतान का कोन?"

बायकांनी मोबाईल वर धरले. पाहुण्यांनी बूट मागे घेतला.

घाम पुसत अध्यक्षांनी मला बोलायला उभं केलं. मी धाकू नाखव्यांचं अख्खं चरित्र सांगितलं. पाहुण्यांनी माझं शेवटपर्यंत ऐकण्याची ही पहिलीच वेळ, कारण जायला वाट नव्हती.

माझं संपल्यावर हिराबाईंनी विचारलं, "आता पावन्यांनी सांगावा. ही जागा कोनाची?"

"तुमचीच आहे ताई. स्मारकाला आम्ही दुसरीकडे बघू."

"मायकात बोला."

ते मायकात बोलले. मग हिराबाईंनी केरसुणीने जवळा बाजूला सारून पाऊलभर वाट केली आणि समिती एकामागून एक, कपडे सावरत बाहेर पडली. अध्यक्षांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. परतीचं तिकीट मीच काढलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

आजवर लिहिलेल्या प्रत्येक चरित्रात शेवटच्या प्रकरणात नायक मरतो. या नायकाचं ते प्रकरण कसं लिहायचं, याचा विचार मी एसटीत घाटापर्यंत करत होतो.

घरी बायकोने पहिला प्रश्न केला, "बसवला का पुतळा?"

"नाही. जागा मिळाली नाही."

"एवढ्या मोठ्या माणसाला साधी जागा मिळाली नाही?"

"होती त्यांच्याकडे. त्यांनी ती आधीच देऊन टाकली."