स्टोअरकाकांचे लाल ब्रेक

पंप बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या या गृहस्थांना कारखान्यात आणि कॉलनीत सगळे स्टोअरकाका म्हणत. त्यांना नावही होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी लागायचं. स्टोअरमध्ये काकांचा एकच कायदा होता: उघडं लोखंड दिसता कामा नये. नट असो, कडी असो की दाराची बिजागरी, दिसलं उघडं की फिरव ब्रश. एकदा त्यांनी वजनकाट्याची वजनंसुद्धा रंगवून टाकली. मग मालाच्या प्रत्येक वजनात थोडा थोडा फरक का येतोय, यावर कारखान्यात मोठी चौकशी बसली. चौकशी करणाऱ्यांत काकाच पुढे होते.

त्यांचा दुसरा जीव म्हणजे त्यांची गाडी. तिला ते इतकं जपत की तिसऱ्या गिअरच्या पुढे कधी गेलेच नाहीत. चौथा गिअर आहे, हे त्यांना दांडीवरच्या आकड्यावरून माहीत होतं, तेवढंच. सायकलवाले घंटी वाजवून त्यांना मागे टाकत आणि वर वळून बघत, माणूस बरा आहे ना म्हणून. असल्या माणसाने गाडीचे ब्रेक शर्यतीच्या गाडीसारखे लालभडक का रंगवावेत? ते कळायला आधी काकूंच्या लायसन्सचं सांगायला हवं.

काकूंनी गाडी शिकायचं काढलं तेव्हा काकांनी मोठ्या मनाने परवानगी दिली, कारण बाई नापास होणार याची त्यांना खात्री होती. काकू पहिल्या फटक्यात पास झाल्या. त्याच दिवशी त्यांनी आईला फोन केला. आई शेजारच्या गावात एकटी राहायची. तिचे डोळे हळूहळू जात होते आणि डॉक्टरांनी आता फार आशा धरू नका म्हणून सांगितलं होतं. म्हातारीची एकच इच्छा होती. ज्या दीपस्तंभाच्या पायथ्याशी ती लहानाची मोठी झाली, तो डोळ्यांना दिसतोय तोवर एकदा बघायचा. जावयाला तिने दोनदा विचारून पाहिलं होतं. रस्ता लांबचा आहे, वाटेत उतार आहे, असं सांगून जावयाने दोन्ही वेळा वेळ मारून नेली होती. आता लेकीच्या हातात गाडी येणार म्हटल्यावर म्हातारीने आपल्या दोन्ही बहिणींनाही सांगून ठेवलं. रविवारी निघायचं ठरलं. काका बरं म्हणाले, कारण नाही म्हणायला त्यांना काही सुचलं नाही.

रविवारी सकाळी काकू पाण्याची बाटली घेऊन खाली उतरल्या, तर गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढलेली, पुढची चाकं काढून भिंतीला टेकवलेली आणि काका तारेचा ब्रश घेऊन आत डोकं घालून बसलेले. इतक्या लांब जायचं तर ब्रेक नको का बघायला, असं त्यांनी आतूनच सांगितलं. बघायला म्हणजे रंगवायला. शेजारी रंगाचा डबा होता. त्यावर हा रंग भट्टीच्या उष्णतेलाही उडत नाही, असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री येता-जाता म्हणाला, की काका, तुमच्या ब्रेकवर चहासुद्धा कोमट व्हायचा नाही, एवढा रंग कशाला? काकांनी तिकडे साफ दुर्लक्ष केलं.

काम मात्र देखणं चाललं होतं, ते नाकारून चालणार नाही. चाकाच्या आत एक लोखंडी तबकडी असते, तिला डिस्क म्हणतात. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडून गाडी थांबवतो तो कॅलिपर. काकांनी कॅलिपर घासला, थिनरने पुसला, आजूबाजूला वर्तमानपत्र चिकटवलं आणि पातळ पातळ हात देत असा रंगवला की बघणाऱ्याने बघत राहावं. इथे थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण कॅलिपर लाल झाल्यावर त्यांची नजर डिस्कवर गेली. भलीमोठी, चकचकीत आणि उघडी! काकांच्या अंगावर काटाच आला. ब्रेकचे पॅड नेमके त्या उघड्या लोखंडालाच घासून गाडी थांबते, हा विचार त्यांच्या डोक्याला शिवलाही नाही. त्यांनी डिस्क पुढून रंगवली, मागून रंगवली, आणि एक ठिपका राहिला होता तोही वाकून रंगवला.

पुढच्या रविवारी काकूंनी किल्ली मागितली. काकांना रंगाच्या दुकानदाराचं बोलणं बरोबर वेळेवर आठवलं. हा रंग हवेवर नुसता सुकतो, पक्का होतो तो ब्रेक चांगले तापल्यावर. काकांनी कॅलिपरवर नख दाबलं, लाल झालेलं नख काकूंसमोर धरलं आणि रंग अजून कच्चा आहे, असं जाहीर केलं. कच्च्या रंगाची गाडी नवशिक्याच्या हातात कशी द्यायची? त्यानंतर रोज संध्याकाळी ते ब्रेक तापवायला म्हणून निघत आणि कॉलनीला फेऱ्या मारत. फिरायला निघालेले म्हातारे खिडकीवर हात ठेवून गप्पा मारत बरोबर चालत. काका त्यांना जाळीदार चाकांतून दिसणारा लाल रंग दाखवत आणि सांगत, की रंगवल्यापासून ब्रेक कसा लोण्यासारखा मऊ लागतोय. म्हातारे माना डोलवत. असे बरेच रविवार गेले. दर रविवारी नख लाल निघायचं आणि काका हळहळायचे, पण हळहळ काही त्यांच्या डोळ्यांत दिसायची नाही.

खरं सांगायचं तर काकू गाडी ठोकतील याची काकांना भीती नव्हतीच. काकू चांगली चालवतील, याची होती. घरात एवढी एकच गोष्ट अशी होती, जी त्यांच्यावाचून अडायची.

मग एके दिवशी आईचा फोन आला. आता कॅलेंडरवरची तारीखही दिसत नाही, म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, सहज. जमलं नाही तर राहू दे बाई, असंही म्हणाली. काकूंनी फोन ठेवला आणि त्यांना नवऱ्याचा मनापासून राग आला. भांडण त्यांनी केलं नाही. रविवारी सकाळी काका नख दाबायला खाली बसले होते, तिथे त्या जाऊन उभ्या राहिल्या.

"ब्रेक तापायलाच हवेत ना? तुमच्याने ते या जन्मी तापायचे नाहीत. मी तापवते."

काका स्वतःच्याच शब्दात सापडले. किल्ली द्यावी लागली. उसनं अवसान आणून ते शेजारच्या सीटवर बसले आणि फाटक येण्याआधीच सूचना सुरू झाल्या.

गोदामांच्या मागे एक लांब, सरळ रस्ता आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे चिटपाखरू नसतं. काकूंनी तिथे गाडीला वेग दिला. काकांनी डोळे मिटले. काकूंनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबायचं नाव घेईना. लोण्यासारखी ती पुढे घसरतच निघाली. समोर गोदामाचं दार मोठं होत चाललं, जळका वास सुटला. काकूंनी पाय तसाच रोवून धरला, गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला. गाडी हिसके देत थांबली. दाराआधी जागा शिल्लक होती, पण फुशारकी मारावी एवढी नव्हती.

काकू उतरल्या, चाकाशी वाकल्या. डिस्कवर लाल रंगाचे चिकट ओरखडे होते.

"हिलापण रंग दिलात?"

"उघडं लोखंड होतं," काका म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

काकू सरळ उभ्या राहिल्या. "आईला बसवणार होते मी या गाडीत," एवढंच त्या म्हणाल्या.

काकांना पहिल्यांदा घाम फुटला तो तेव्हा. डोळे मिटल्यावर त्यांना मागच्या सीटवरच्या तीन म्हाताऱ्या आणि तो उतार दिसला. आपण एवढ्या जपून, एवढ्या प्रेमाने काय करून ठेवलं होतं, ते त्यांना स्वच्छ कळलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. मिस्त्रीकडे काकूंनी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून गाडी नेली. वाटेत काकांनी एकही सूचना केली नाही.

मिस्त्री डिस्क बघून आधी पोटभर हसला. मग त्याने रंग घासून काढला, पॅड नवे घातले आणि सांगितलं, की हे पॅड डिस्कवर नीट बसायला गाडी मोकळ्या रस्त्यावर पळवायची, दाबून वेग कमी करायचा, पुन्हा पळवायची. काका मुकाट्याने शेजारच्या सीटवर जाऊन बसले. त्याच सरळ रस्त्यावर काकूंनी मिस्त्री म्हणाला तसं केलं. ब्रेक आता घट्ट लागत होते. कॅलिपरचा रंग तापला, आणि थंड झाल्यावर काकांनी नख दाबलं तर नख कोरडं निघालं. आता अडवायला काही उरलं नव्हतं. अडवायची इच्छाही उरली नव्हती. काकू तशाच, काकांना शेजारी घेऊन, आईच्या गावाकडे निघाल्या.

म्हातारी आणि तिच्या दोघी बहिणी तयारच होत्या. चार जणी आत बसल्यावर पाचव्याला जागा राहिली, पण म्हातारीचे पाय मागे लांब करायला हवे होते. "जावईबापू, तुम्ही घर सांभाळा. दूधवाला येईल," ती म्हणाली. काकांनी तिला हात धरून बसवलं, पट्टा लावून दिला, दार लावलं आणि ते नीट लागलंय का ते दोनदा ओढून पाहिलं.

आपली गाडी चालताना बाहेरून कशी दिसते, हे काकांनी कधी पाहिलं नव्हतं. ती वेगात गेली तेव्हा चाकांतून लाल रंग काही दिसलाच नाही. दिसली ती मागच्या काचेतून म्हातारीची मान. उरलेल्या नजरेने ती दोन्ही बाजूंचं सगळं बघून घेत होती. वळणाआधी काकूंनी वेग कमी केला, बाजूला बघितलं आणि गाडी अलगद वळवली. गाडी दिसेनाशी झाल्यावर काका मागे वळले.

दूधवाला फाटकात येऊन उभा होता. कुणाची गाडी, म्हणून त्याने विचारलं.

"बायकोची," काका म्हणाले, आणि भांडं आणायला आत गेले.